रंगाला हात लावण्याआधी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

चि. मनू हिस,


पत्र आणि फोटो मिळाले. तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: ही जुनी माउंटन बाइक सँडब्लास्ट करून तिला नवा पावडर कोट द्यायला किती खर्च येईल? माझं उत्तर त्याहून लहान आहे: देऊ नकोस. पण मोठ्यांनी नुसतं 'नको' म्हटलं की ऐकून घ्यावं असं तुझं वय नाही, आणि तसं ऐकूही नये. म्हणून कारणं लिहितो. डेव्हिससारख्या सायकलवेड्या गावात शिकायला आली आहेस, तर हे तुला कळायलाच हवं.

आधी हाती काय लागलंय ते बघ. फ्रेम क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची, आणि तिच्यावर 'मेड इन जपान' लिहिलंय. मागचा ब्रेक नेहमीच्या जागी नाही, बीबीजवळ (बॉटम ब्रॅकेट, जिथे क्रँकचा एक्सल फिरतो) चेनस्टेच्या, म्हणजे तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, खाली आहे. पुढची दातेरी चक्रं नीट गोल नाहीत, लंबगोल आहेत. गिअरचे लिव्हर हँडलच्या वर, अंगठ्याने ढकलायचे. या खुणा एकत्र दिसल्या की सायकल 1986 ते 1988 च्या आसपासची धरावी. अधिक नेमकं हवं असेल तर क्रँक काढल्यावर तिच्या पाठीवर कोरलेली दोन रोमन अक्षरं शोध. शिमानोच्या भागांवर पहिलं अक्षर वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं असतं. 1976 ला 'ए' धरून मोजत आलं की 'के' म्हणजे 1986 आणि 'एल' म्हणजे 1987. 'एल सी' दिसलं तर ती क्रँक मार्च 1987 ची. डिरेलर, हब, ब्रेक यांच्यावरही अशी अक्षरं सापडतील. ती एकमेकांच्या जवळपासची निघाली तर भाग मूळचे आहेत असं समजायला हरकत नाही. एखाद्यावरच 1991 चा 'पी' निघाला तर तो भाग कुणीतरी मागाहून बसवलेला.

चेनस्टेखालचा तो यू-ब्रेक तुला त्रास देईल. चिखल बरोबर तिथेच साचतो, म्हणून काही वर्षांतच ती टूम मागे पडली. चढावर पाय सोपे पडतील असं सांगून आणलेली लंबगोल चक्रंही तशीच गेली. तरी दोन्ही काढू नकोस. त्या काळातल्या लोकांना काय सुचलं आणि त्यातलं काय फसलं, हे सायकलीवरच वाचता येतं, ते पुसून टाकण्यात शहाणपण नाही.

आता थोडा इतिहास. तुझी सायकल बनली तेव्हा माउंटन बाइकचा हा सगळा प्रकार सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती, आणि तो सुरू झाला तुझ्यापासून गाडीने दीड-एक तासावर. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या पोरांनी भंगारातून 1930-40 च्या सायकली उचलल्या. श्विन कंपनीची एक्सेलसियर ही त्यांची विशेष लाडकी. जाड बलून टायर, धडधाकट फ्रेम आणि पेडल उलटं मारलं की लागणारा मागच्या हबमधला ब्रेक. ही धुडं घेऊन ते डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटायचे. फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर 21 ऑक्टोबर 1976 ला पहिली शर्यत झाली. दोनेक मैलांत तेराशे फूट उतार. तळाला पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि दर खेपेनंतर ग्रीस नव्याने भरावं लागायचं. त्यावरूनच त्या रस्त्याला 'रीपॅक' हे नाव पडलं. त्यांच्यातल्या गॅरी फिशरने तो 4 मिनिटं 22 सेकंदांत उतरून दाखवला. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर सांगतात. जो ब्रीझ त्याच्या मागे अवघे दोन सेकंद.

भंगार पुरेना आणि टिकेना, तेव्हा ब्रीझने 1977 मध्ये मुद्दाम याच कामासाठी क्रोमोलीची नवी फ्रेम बांधली. ती पहिली ब्रीझर आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. 1979 मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने बांधलेल्या फ्रेम घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाचा धंदा काढला. त्या सायकली हौशी माणसालाही महाग पडत. मग माइक सिनयार्डच्या स्पेशलाइज्ड कंपनीने 1981 मध्ये जपानमध्ये बनवून घेतलेली स्टंपजंपर 750 डॉलरला आणली. तिच्यावर क्रँक आणि ब्रेक फ्रेंच, ब्रेकचे लिव्हर मोटरसायकलच्या जातीचे, कारण डोंगरासाठी वेगळे भाग तोवर कुणी बनवतच नव्हतं. 1982 मध्ये शिमानोने डिओर एक्सटी हा खास डोंगरी संच काढला आणि काम कारखान्यांच्या हाती गेलं. तुझी सायकल या पुढच्या पिढीतली. ती दुर्मिळ नाही, पण नेकीने बनवलेली आहे. शिकायला अशीच हवी.

हे सगळं सांगायचं कारण असं की 'मूळ स्थितीत आणायची' हा शब्दप्रयोग तू पत्रात दोनदा केला आहेस. त्या पहिल्या सायकलींना मूळ स्थिती नव्हतीच. श्विनची फ्रेम, दुसऱ्याच सायकलीचा ड्रम ब्रेक, तिसरीचे गिअर, मोटरसायकलचे लिव्हर. दर रविवारी काहीतरी मोडायचं आणि सोमवारी काहीतरी बदलायचं. तशा सायकलीला कारखान्यातून आल्यासारखा रंग देणं म्हणजे तिचं आयुष्य खोडून टाकणं. तुझी कारखान्यातूनच आली हे खरं, पण पुढची पस्तीसेक वर्षं ती कुणीतरी वापरली आहे. टॉप ट्यूबवरचे ओरखडे, चेनच्या बाजूला उडालेला रंग, मागच्या मालकाने चिकटवलेला दुकानाचा स्टिकर, हा तिचा दाखला आहे. जुन्या वाड्याची डागडुजी करताना कुजलेले वासे बदलतात, दिंडी दरवाजा रंधून नवा करत नाहीत. तोच नियम इथे लाव: जे फिरतं, जे पेलतं आणि जे थांबवतं, ते चोख कर. जे नुसतं दिसतं, ते आहे तसं राहू दे.

सँडब्लास्टला माझा विरोध आहे, त्याला यंत्राच्या बाजूनेही कारण आहे. या फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. मधली जाडी एक मिलिमीटरही नसते. बेफिकीर हाताने वाळू मारली तर तिथलं पोलाद झिजतं. पावडर कोट जाड बसतो, आट्यांत शिरतो आणि बारीक तड असेल तर ती झाकून टाकतो. मूळची अक्षरं आणि पट्टे गेले की गेलेच. त्यापेक्षा कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं आणि वर मेणाचा हात एवढं पुरे. अक्षरांजवळ थिनर नेऊ नकोस. गंजलेले पोलादी नट-बोल्ट ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणात बुडवून ठेव, हातमोजे घालून, उघड्या हवेत, आणि नंतर भरपूर पाण्याने धू. खरा शत्रू फ्रेमच्या आतला गंज. नळ्यांच्या लहान भोकांतून गंजरोधक तेल आत मार आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरव.

आता ओव्हरऑइलिंग. आमच्या पुण्यात पावसाळा सरला की सायकल ओव्हरऑइलिंगला टाकायची पद्धत होती. दुकानदार सगळे छर्रे रॉकेलच्या डब्यात सोडायचा, कप-कोन पुसून बोटाने खड्डे चाचपायचा आणि ग्रीस भरून पुन्हा जुळवायचा. तुझ्या सायकलीचं काम अगदी तेच आहे, फक्त वर गिअर. त्या काळच्या जपानी सायकलींत बहुधा बीबीत दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे, मागच्या हबमध्ये तसेच नऊ-नऊ, पुढच्यात तीन-सोळांश इंची दहा-दहा. तरी काढताना स्वतः मोज. छर्रे नवे घाल, ते स्वस्त असतात. कोनवर खड्डे पडले असतील तर कोनही बदल. बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे न कळून जोर लावणारे आटे खाऊन बसतात. फारच घट्ट असेल तर तो जागीच राहू दे, आतून पुसून ग्रीस भर. हबचे कोन आवळताना किंचित ढिलाई ठेव, कारण क्विक रिलीज दाबला की ती आपोआप जाते.

सगळ्यांत चिवट भांडण सीटपोस्टशी होईल. ॲल्युमिनियमचा पोस्ट पोलादी नळीत वर्षानुवर्षं राहिला, पावसाचं पाणी उतरलं, की दोन धातूंमध्ये क्षार धरतो आणि पोस्ट जणू वेल्ड झाल्यासारखा बसतो. हातोडा घेऊ नकोस. बीबी काढल्यावर फ्रेम उलटी टांग, बीबीच्या पोकळीतून सीटट्यूबमध्ये गंज सोडवणारं तेल ओत आणि थांब. रोज थोडं तेल, थोडी हालचाल. सुटला की नळी आतून साफ कर आणि ग्रीस लावूनच पोस्ट परत घाल.

गिअरच्या लिव्हरना उघडू नकोस, बाहेरून सफाई पुरे. त्यातल्या उजव्याला दोन पद्धती असतात: एकीत टकटक करत ठरावीक जागी बसतो, दुसरीत नुसत्या घर्षणावर कुठेही थांबतो. जुन्या-नव्या भागांचा मेळ बसेना तर दुसरी पद्धत वापर, तिच्यावर जवळपास काहीही चालतं. 26 इंची टायर, सात गिअरची चक्रं, चौकोनी टोकांचा बीबी एक्सल हे आजही नवं मिळतं, ही या सायकलींची मोठी सोय.

थांबवणाऱ्या भागांत काटकसर नको. ब्रेकच्या तारा, त्यांची वेष्टणं आणि ब्रेकचे रबर, सगळं नवं. पुढच्या ब्रेकच्या वरचा तो कुरूप रिफ्लेक्टरचा कंस काढायचा तुझा बेत दिसतो. काढू नकोस. मुख्य तार तुटली तर ब्रेकच्या दोन हातांना जोडणारी आडवी तार खाली पडते, टायरच्या गुट्ट्यांत अडकते आणि चाक जागच्या जागी जाम होतं. तो कंस ती तार झेलतो. हँडल ॲल्युमिनियमचं असेल तर त्याचं वय बघ. पोलाद बहुधा आधी वाकून सांगतं, थकलेलं ॲल्युमिनियम न सांगता तुटतं. जुनं हँडल जपून ठेव, चालवायला नवं लाव. हेड ट्यूबच्या आणि बीबीच्या सांध्यांपाशी रंगात केसासारखी रेघ दिसली तर नखाने तपास. नख अडकलं तर जाणत्या वेल्डरला दाखवेपर्यंत सायकलीवर बसायचं नाही.

जमवण्याविषयीही दोन शब्द, कारण एक सायकल नीट झाली की दुसरी खुणावते. अंगठ्याच्या एक्सटी लिव्हरांना आज इतकी मागणी आहे की काही लोक पुरी सायकल घेतात, लिव्हर काढून विकतात आणि फ्रेम भंगारात घालतात. हे करू नकोस. पुरी सायकल कधी फोडायची नाही. भाग हवे असतील तर जिची फ्रेम आधीच गेली आहे तिचे घे. यातून पैसा मिळेल ही आशाही सोड, तुझ्यासारख्या सायकलीवर घातलेला खर्च विकताना निघत नाही. जेवढ्या सायकली आलटून-पालटून चालवता येतील तेवढ्याच ठेवायच्या. सुट्टीत फेअरफॅक्सला जाऊन ये. तिथे 2015 मध्ये उघडलेलं मरीन म्युझियम ऑफ बायसिकलिंग आहे आणि माउंटन बाइकचं हॉल ऑफ फेमही त्यातच. पुण्याला गेलीस की कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय बघ. तिथल्या सायकली दुसऱ्या घराण्याच्या, पण जपण्याची शिस्त शिकण्यासारखी आहे.

शेवटचं काम सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित: वही. रीपॅकवर कोण किती वेळात उतरलं हे आज सेकंदासकट सांगता येतं, कारण शर्यती भरवणारा चार्ली केली घड्याळ लावून वेळा टिपून ठेवत होता. ती टिपणं नसती तर मागे नुसत्या बाता उरल्या असत्या. तूही कामाला हात घालण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढ. कोणता भाग कुठे होता, त्याच्यावर काय अक्षरं होती, काय बदललं, कधी आणि का, हे लिही. काढलेले भाग नावाची चिठ्ठी लावून डब्यात ठेव. ज्याने सायकल विकली त्याला ती कुठे आणि कशी चालली हे विचार, तेही लिही. पुढे सायकल दुसऱ्याकडे गेली तर वही आणि डबा तिच्याबरोबरच द्यायचा.

पुढच्या आठवड्यात सीटपोस्टपासून सुरुवात कर. अडलीस तर रात्री नऊच्या आत फोन कर. आणि पावडर कोटवाल्याकडची वेळ ठरवली असशील, तर ती आजच रद्द कर.

तुझे,
नानाआजोबा