मागें वळण्याचा मोह

संकटाच्या क्षणीं जो डगमगत नाहीं त्यास आपण धीराचा पुरुष म्हणतों, आणि तो धीर त्यास त्या क्षणींच कोठून तरी लाभला अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस सतावीत आहे. त्याच्या विचारासाठीं रणांगण किंवा राजसभा यांकडे न जातां आम्हीं एक लहानसें स्थळ निवडलें आहे. तें म्हणजे हौसेनें विमान चालविणाऱ्या गृहस्थाचें एका एंजिनाचें विमान. तेथें सल्ला देण्यास बहुधा दुसरा वैमानिक नसतो; फार तर पत्नी व मुलें असतात, आणि तीं त्याच्याच तोंडाकडे पाहत असतात.

अशा विमानाचें एंजिन आकाशांत बंद पडलें म्हणजे तें धोंड्यासारखें खालीं येतें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. चार माणसांचें साधें सेस्ना विमान तीन हजार फुटांवरून, वारा शांत असल्यास, सुमारें आठ किलोमीटर तरंगत जाऊं शकतें, व जमिनीस टेकण्यापूर्वीं सुमारें चार मिनिटें मिळतात. मात्र त्यासाठीं वेग राखला पाहिजे, आणि वेग राखण्यासाठीं विमानाचें नाक खालीं झुकविलें पाहिजे. येथेंच पहिली कसोटी लागते. जमीन जवळ येऊं लागली कीं हात आपोआप नाक वर ओढूं पाहतो. परंतु तसें केल्यास वेग मंदावतो, पंखांचा आधार सुटतो, आणि ज्या पतनाची भीति होती तेंच ओढवतें. म्हणून शिकविलेला क्रम असा : आधीं विमान सांभाळावें, मग उतरण्याजोगी जागा हेरावी, मग बिघाड शोधावा, आणि मग रेडिओवरून हांक द्यावी.

बिघाड शोधण्यांतहि मनाचीच परीक्षा असते. दमट हवेंत, बाहेर थंडी नसतांनाहि, कार्ब्युरेटरमध्यें बर्फ धरतो व एंजिन गुदमरूं लागतें. त्यावर उपाय म्हणून गरम हवा आंत सोडण्याची एक कळ असते. परंतु ती ओढतांच एंजिन क्षणभर अधिकच खडखडूं लागतें. कारण वितळलेल्या बर्फाचें पाणी त्यांतूनच जात असतें. ज्यास हें कारण ठाऊक नाहीं, तो उपायासच अपाय समजून कळ पुन्हां बंद करतो. ज्यास ठाऊक आहे, तो तेवढी खडखड सोसतो. दोघांच्या छातींत धडधड सारखीच असेल. फरक आहे तो एकानें पूर्वीं मिळविलेल्या ज्ञानाचा.

परंतु सर्वांत बिकट मोह उड्डाणानंतर लगेच एंजिन गेलें असतां होतो. धावपट्टी पाठीशीं, अगदीं जवळ असते. तेथें परत जावें असें कोणास वाटणार नाहीं ? पण नुसतें उलट वळल्यानें विमान धावपट्टीच्या बाजूस येतें. तिच्या रेषेंत येण्यास आणखी वळावें लागतें, आणि प्रत्येक वळणांत उंची खर्च होते. शिवाय पंचेचाळीस अंश कलून वळतांना, ज्या वेगाखालीं पंखांचा आधार सुटतो तो वेगच सुमारें १९ टक्क्यांनीं वाढतो. म्हणून उंची थोडी असल्यास समोरच जें शेत किंवा माळ दिसेल तेथें उतरावें, असें शिकवितात.

हॉलिवुडचे विख्यात नट हॅरिसन फोर्ड ५ मार्च २०१५ रोजीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील एक शिकाऊ विमान घेऊन कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका येथून उडाले, तों थोड्याच वेळांत एंजिनाची शक्ति गेली. परत येण्याची इच्छा त्यांनीं प्रथम रेडिओवरून कळविली. परंतु तितकी उंची उरली नाहीं हें ध्यानीं येतांच त्यांनीं जवळच्या गोल्फच्या मैदानाचा आश्रय घेतला. झाडाच्या शेंड्यास विमान लागलें, त्यांस जबर दुखापत झाली, पण प्राण वाचले व जमिनीवर कोणास इजा झाली नाहीं. कार्ब्युरेटरमधील एक बारीक भाग सैल झाला होता, असें पुढें चौकशींत आढळलें. मोह त्यांनाहि झालाच. त्यांनीं तो वेळेवर सोडला, यांतच आम्हांस त्यांचें शहाणपण दिसतें.

कोणी म्हणेल, विमान मोलाचें आहे, तें वाचविण्याची खटपट करूं नये काय ? आमचें उत्तर असें कीं, एंजिन बंद पडल्या क्षणापासून विमानावरील ममत्व सोडून द्यावें. पंख मोडोत, चाकें मोडोत. आंतील माणसें वांचलीं पाहिजेत. आणि खालचीं माणसें ? वरून मुलांच्या खेळाचें मैदान सपाट व मोकळें दिसतें. तें सोडून खडबडीत शेत पत्करणें हें आमच्या मतें वैमानिकाचें कर्तव्यच आहे. आकाशांत जाण्याची हौस त्याची, तिचें मोल त्या मुलांनीं कां द्यावें ?

आणखी एक अडसर अभिमानाचा. कित्येकदां एंजिन बिघडलेलें नसतें, टाकींतील इंधनच संपलेलें असतें, आणि चूक स्वतःचीच असते. अशा वेळीं संकटाची हांक देण्यास जीभ रेटत नाहीं. लोक काय म्हणतील या विचारांत जो वेळ जातो, तो परत मिळत नाहीं.

तेव्हां धीर ही क्षणाची देणगी आहे काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. सावध वैमानिक उडण्यापूर्वींच, चित्त शांत असतांना, स्वतःशीं ठरवितो कीं, अमुक उंचीच्या आंत एंजिन गेलें तर मी मागें वळणार नाहीं. पुढें बांका प्रसंग आला असतां त्यास नवा धीर शोधावा लागत नाहीं. केलेला संकल्प पाळावा लागतो. आपण घरीं बसणारीं माणसें. पण ज्या व्यवहारांत अपयश आलें, जो मार्ग खुंटला, त्याच्याकडे पुन्हां पुन्हां वळून आपणहि थोडी का उंची गमावतों ? कोठें थांबावयाचें हें सुखाच्या दिवसांतच ठरवून ठेवणें, एवढें तरी त्या हौशी वैमानिकापासून आपणांस घेतां येईल.