दोन पक्ष आणि सद्सद्विवेक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. तीत राष्ट्राध्यक्षाची तरतूद आहे, काँग्रेसची दोन सभागृहे आहेत, सर्वोच्च न्यायालय आहे. परंतु राजकीय पक्षांचा उल्लेख कोठेही नाही. त्या राष्ट्राच्या अनेक संस्थापकांना पक्ष ही लोकसत्ताक राज्याला जडणारी व्याधी वाटत असे. देश दोन मोठ्या पक्षांत विभागला जाईल, याचेच आपणांस फार भय वाटते, अशा आशयाचे पत्र जॉन अ‍ॅडम्स यांनी १७८० मध्येच लिहिले होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या आपल्या निरोपाच्या संदेशात बजावले की, आज एका पक्षाचे व उद्या दुसऱ्याचे वर्चस्व, आणि प्रत्येक वेळी मागच्याचा सूड, या चक्राला कंटाळलेली प्रजा अखेर एका व्यक्तीच्या अनियंत्रित सत्तेत विसावा शोधू लागते. असे असूनही त्याच पिढीच्या हयातीत पक्ष जन्मास आले. आणि १८५० च्या दशकापासून तेथील सत्ता मुख्यत्वे डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या दोनच पक्षांमध्ये फिरत राहिली आहे.

या व्यवस्थेचा उबग आलेले पुष्कळ ख्रिस्ती लोक त्या देशात आहेत. त्यांची व्यथा समजून घेण्यासारखी आहे. गर्भातील जीव परमेश्वराने घडवला आहे असे ज्या पवित्र शास्त्रातून ते शिकतात, त्याच शास्त्रातून ते हेही शिकतात की, देशात येऊन राहिलेल्या उपऱ्याला छळू नये आणि मजुराची मजुरी अडवून ठेवू नये. मतपत्रिकेवर मात्र पहिली गोष्ट बहुधा एका पक्षाच्या रकान्यात पडते व दुसरी दुसऱ्याच्या. अखंड वस्त्र घ्यावयास गेलेल्या माणसाला दुकानदाराने ते मधोमध फाडून अर्धेच द्यावे, तशी त्यांची गत होते. अर्धे घ्यावे, तर उरलेल्या अर्ध्याचा त्याग केल्यासारखे होते. न घ्यावे, तर उघडेच राहावे लागते.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या देशात आहेत. तेथील धर्मोपदेशकांची पुस्तके व प्रवचने आपल्या घरांत पोहोचतात आणि त्यांबरोबर तेथील पक्षाभिमानही नकळत उंबरठा ओलांडतो. म्हणून दोन प्रश्नांचा विचार आपणही करणे योग्य होईल. दोन्ही पक्ष असमाधानकारक असता विवेकी माणसाने काय करावे? आणि आपल्याला पसंत असलेल्या पक्षाच्या हाती सर्व सत्ता आली, तर त्याचे कर्तव्य संपते की वाढते?

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, दोनच पक्ष उरण्यामागे केवळ पुढाऱ्यांचा कावा नाही. ज्याला इतरांहून एक मत अधिक तो विजयी, अशी पद्धत जेथे असते, तेथे मतदार हळूहळू दोन मोठ्या गटांकडे ओढले जातात, असे फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५१ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले. तिसऱ्याला दिलेले मत वाया जाईल, ही भीतीच तिसऱ्याला वाढू देत नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के, म्हणजे जवळजवळ १ कोटी ९७ लाख मते मिळाली; परंतु राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातील एकही मत त्यांच्या पदरी पडले नाही. २००० साली फ्लोरिडा राज्याचा, आणि त्यायोगे साऱ्या देशाचा, निकाल ५३७ मतांनी लागला; त्याच राज्यात राल्फ नेडर या तिसऱ्या उमेदवाराला ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. ती त्यांना देणाऱ्यांपैकी कित्येकांना पुढे वर्षानुवर्षे दूषणे ऐकावी लागली.

दोन पक्षांच्या ओढाताणीला कंटाळलेल्या माणसाला मग वाटू लागते की, एकदा आपल्याच पक्षाला सगळी सत्ता मिळावी, म्हणजे सर्व काही सुरळीत होईल. असा प्रयोग अलीकडे अनेकदा झाला. राष्ट्राध्यक्षपद व काँग्रेसची दोन्ही सभागृहे एकाच पक्षाकडे, अशी स्थिती २००९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला, २०१७ मध्ये रिपब्लिकन पक्षाला, २०२१ मध्ये पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षाला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा रिपब्लिकन पक्षाला लाभली. यांपैकी पहिल्या तिन्ही वेळा पुढच्याच मध्यावधी निवडणुकीत, म्हणजे २०१०, २०१८ व २०२२ मध्ये, मतदारांनी प्रतिनिधिगृह त्या पक्षाच्या हातून काढून घेतले. सर्व सत्ता एकाकडे असली म्हणजे कामे अडत नाहीत, हेही खरे ठरले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकारचे बरेचसे कामकाज बंद राहिले, ते एकाच पक्षाकडे सर्व सत्ता असताना. कारण १०० सदस्यांच्या सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरील चर्चा संपवण्यास ६० मते लागतात, आणि तेवढी कोणा एकाकडे नव्हती.

हा अडथळा त्रासदायक आहे. परंतु सत्तेच्या वाटेवर अडथळे असावेत, या कल्पनेचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. राज्यघटनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक जेम्स मॅडिसन हे प्रिन्स्टन येथे प्रेस्बिटेरियन पाळक जॉन विदरस्पून यांच्या हाताखाली शिकले होते. माणसे देवदूत असती तर शासनाची गरजच पडली नसती, आणि राज्यकर्ते देवदूत असते तर त्यांच्यावर अंकुशाची गरज पडली नसती, असा युक्तिवाद मॅडिसन यांनी १७८८ मध्ये केला. पाप माणसाच्या प्रत्येक कृतीत शिरते, या शिकवणीचेच हे राजकीय रूप आहे. आपण सर्व पापी आहोत असे दर रविवारी कबूल करणाऱ्या मंडळीने सोमवारी आपला पक्ष मात्र त्यास अपवाद मानावा, हे विपरीत होय.

एकपक्षीय सत्ता दीर्घकाळ टिकली म्हणजे काय होते, याचे उदाहरण त्याच देशाच्या दक्षिण भागाने घालून दिले आहे. यादवी युद्धानंतर तेथे असलेल्या केंद्रीय फौजांचा आधार १८७७ मध्ये निघाला, आणि पुढे सुमारे पाऊणशे वर्षे दक्षिणेतील राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुठीत राहिली. खरी निवडणूक म्हणजे त्या पक्षाच्या उमेदवाराची अंतर्गत निवड. तिच्यात अनेक राज्यांत केवळ गोऱ्यांना मत देता येई. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने कोणाला सभासद करावे हा तिचा प्रश्न, असे समर्थन केले जाई. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अवैध ठरवली. परंतु मतदानाची पट्टी व साक्षरतेची परीक्षा ही हत्यारे पुढेही चालूच राहिली, आणि कृष्णवर्णीयांना मताचा हक्क खऱ्या अर्थाने मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. या सर्व काळात दक्षिणेत मंडळ्यांची उणीव नव्हती, उपासना थांबली नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले सुप्रसिद्ध पत्र कोणा गुंडांना उद्देशून नव्हते. थोडे थांबा असा सल्ला देणाऱ्या गोऱ्या धर्मपुढाऱ्यांना उद्देशून होते.

मग दोन्ही पक्ष सोडून तिसरा मार्ग धरावा काय? याही मार्गाची कसोटी इतिहासात लागलेली आहे. १८४४ च्या निवडणुकीत व्हिग पक्षाचे हेन्री क्ले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोक हे दोघेही गुलामांचे मालक होते. गुलामगिरी हे पाप आहे असे मानणाऱ्या काही ख्रिस्ती मतदारांनी लिबर्टी पक्षाच्या जेम्स बर्नी यांना मत दिले. बर्नी यांनी स्वतःचे गुलाम मुक्त केले होते. न्यूयॉर्क राज्यात पोक सुमारे ५,१०० मतांनी जिंकले; बर्नी यांना तेथे १५,८०० हून अधिक मते पडली. त्या राज्याच्या बळावर पोक राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १८४५ च्या अखेरीस टेक्सास हे गुलामगिरी पाळणारे विस्तीर्ण राज्य संघात आले. म्हणजे गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांच्या मतांनी गुलामगिरीचे क्षेत्र वाढवण्यास हातभार लागला.

हे वाचून कोणी म्हणेल, विवेकाचा हट्ट हा असा अंगलट येतो. परंतु कथा येथे संपत नाही. याच लहानशा पक्षातील माणसे १८४८ मध्ये फ्री सॉइल पक्षात व १८५४ नंतर नव्या रिपब्लिकन पक्षात गेली. त्यांच्यापैकी सॅमन चेस हे लिंकनच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली; आणि त्या घटनेचा पडसाद आपल्या भाषेपर्यंत आला. जोतीराव फुले यांनी १८७३ मधील आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सत्पुरुषांना अर्पण केला, ते याच मुक्तिकार्यात झटलेले लोक होत. १८४४ मध्ये बर्नी यांना मत देणाराने पाप केले की पुण्य? मला वाटते, क्ले यांना मत देऊन टेक्सासचा प्रश्न थोपवू पाहणारा माणूसही प्रामाणिक असू शकत होता. दोघांनाही पुढचे दिसत नव्हते. मताचे फळ देवाच्या हाती असते. मत कोणत्या हेतूने दिले आणि त्यानंतर आपण काय केले, एवढेच आपल्या हाती असते.

खरे अपयश ख्रिस्ती मंडळीच्या पदरी आले, ते निराळ्या कारणाने. १८४४ मध्ये मेथॉडिस्ट मंडळी आणि १८४५ मध्ये बॅप्टिस्ट मंडळी याच प्रश्नावर उत्तर-दक्षिण अशा दुभंगल्या. मुंबईस १८१३ मध्ये मिशनरी पाठवणारे, आणि ज्यांच्या मराठी मिशनने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केले ते, अमेरिकन बोर्ड या प्रश्नावर ठाम बोलत नाही, म्हणून असंतुष्ट झालेल्यांनी १८४६ मध्ये वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन स्थापली. प्रांतांच्या व पक्षांच्या सीमा मंडळीच्या आत येऊन बसल्या. मंडळीने जगाला आरसा दाखवावयाचा, तर तीच जगाचा आरसा झाली.

या ठिकाणी यहोशवाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आठवतो. यरीहोजवळ यहोशवाला उपसलेली तलवार हाती घेतलेला एक पुरुष दिसतो, आणि तो त्यास विचारतो की, तू आमच्या पक्षाचा की आमच्या शत्रूंच्या? प्रश्नात दोनच पर्याय आहेत. हिब्रू मूळ पाठात उत्तराचा पहिला शब्द 'लो' असा एकाक्षरी आहे. त्याचा अर्थ 'नाही'. प्राचीन ग्रीक भाषांतरात येथे 'त्याला' असा पाठ आहे, कारण हिब्रूत दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच होतो. कित्येक आधुनिक भाषांतरांत 'दोहोंपैकी कोणाचाही नाही' असे सुबोध करून दिले जाते. भाषांतरकाराला हा मोह होतो, कारण 'की' असा प्रश्न विचारला असता नुसते 'नाही' हे उत्तर व्याकरणात बसत नाही. परंतु ते बसत नाही, यातच त्याचे सामर्थ्य आहे. परमेश्वराच्या सेनेचा तो सेनापती पर्याय निवडत नाही, प्रश्नच नाकारतो. मात्र हेही पाहावे की, तो यहोशवाला रणातून माघारी पाठवत नाही. आधी जोडे काढावयास लावतो. लढाई त्यानंतर व्हायचीच असते.

यावरून मला दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. हात स्वच्छ राहावेत म्हणून मतदानापासून दूर राहणे हा विश्वासणाऱ्याचा मार्ग नव्हे. कारण आपण घरी बसलो, तरी राज्य कोणीतरी करणारच, आणि त्याचे परिणाम आपल्या शेजाऱ्याला भोगावे लागणार. आपल्या देशात २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' असे मत नोंदवण्याची सोय आहे. तो नकार प्रामाणिक असू शकतो; परंतु निकालात त्याला स्थान नाही, आणि निवडून येणारा येतोच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पक्षाला मत द्यावे, सद्सद्विवेक देऊ नये. मत हे ठरावीक मुदतीसाठी दिलेले कुलमुखत्यारपत्र आहे. विवेकावरचा हक्क मात्र ज्याने तो दिला त्याचाच आहे.

आणि या भेदाची परीक्षा आपला पक्ष पराभूत होतो तेव्हा होत नाही. तो सर्वत्र विजयी होतो त्या दिवशी होते. विरोधकाच्या अन्यायावर बोट ठेवण्यास संदेष्टा लागत नाही, वृत्तपत्रही पुरते. नाथान संदेष्टा दावीदाच्या शत्रूंपैकी नव्हता. दावीदाचे राजासन स्थिर राहील हे वचन त्यानेच त्याला सांगितले होते. आणि उरीयाच्या घाताबद्दल त्याच्या समोर उभे राहून दोष त्याच्या पदरी घालणाराही तोच होता. ज्याचे भले चिंतितो त्याच्याविरुद्ध बोलणे, ही खरी निष्ठा होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५२ मध्ये पुण्यात बोलताना लोकशाहीच्या यशासाठी विरोधी पक्षाचे अस्तित्व अत्यावश्यक मानले. सभागृहात विरोधी बाके रिकामी पडतात, तेव्हा सत्ताधाऱ्यांच्या मित्रांवर ती जबाबदारी येऊन पडते.

म्हणून वाचकहो, पक्षांबद्दलची निराशा हे पाप नव्हे. कदाचित ती देवाच्या राज्याची भूकच असेल. ती भूक पक्षाने भागेल अशी आशा मात्र धरू नये. पुढच्या वेळी आपण ज्यांना मत द्याल, ते निवडून आले, तर त्यांच्यासाठी प्रार्थना करा; आणि त्यांनी ज्याचे नुकसान केले असेल असा एक तरी माणूस शोधून त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्या. त्यानंतर त्यांना काय लिहावयाचे, ते आपला विवेकच आपल्याला सांगेल.