पहिले होण्याआधी

पहाटे मेहरूण तलावाकाठी फिरायला गेलं की दोन मुलं एका ठरलेल्या जागी बसलेली दिसतात. स्पर्धा परीक्षेची तयारी चाललेली. एकाच्या हातात वनलायनरचं पुस्तक, दुसरा डोळे मिटून उत्तरं देतो. परवा मी जवळून जात होतो.

"इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष?" "सुकार्नो."

"जगातलं सर्वांत लहान प्रजासत्ताक?" "नौरू बेट."

"सायप्रसचे पहिले राष्ट्राध्यक्ष?" इथं गाडी अडली. "सांग ना भो, काल तर येत होतं!"

मी पुढे निघालो, पण मकारिऑस हे नाव पूर्ण फेरीभर माझ्यासोबत चालत राहिलं. सायप्रसचे हे आर्चबिशप. इंग्रजांनी त्यांना मार्च 1956 मध्ये उचललं आणि थेट हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवलं. वर्षभरानं सोडलं, पण मायदेशी पाऊल ठेवायची मनाई कायम. 1960 मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला, तेव्हा पहिले राष्ट्राध्यक्ष तेच. बेटावरच्या माणसाला दुसऱ्या बेटावर कोंडलं आणि तो परत आला तो देशाचा प्रमुख होण्यासाठी.

राज्यकर्त्यांना बेटं सोयीची वाटत आली आहेत. भिंत बांधावी लागत नाही, पाणीच पहारा देतं. आपल्याला अंदमान ठाऊक आहे, काळं पाणी हा शब्दच आपल्या भाषेत रुजला आहे. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेट होतं. नेल्सन मंडेलांच्या 27 वर्षांच्या कैदेतली 18 वर्षं तिथं गेली. दिवसा चुन्याच्या खाणीत काम आणि तिथंच कैद्यांनी एकमेकांना शिकवणं, इतकं की त्या तुरुंगाला कैदी विद्यापीठ म्हणू लागले.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते इंडोनेशियातलं बांदा बेट. का, तर जायफळामुळे. श्रीखंडात, पुरणात आपण चिमूटभर किसून घालतो ते जायफळ शतकानुशतकं जगात फक्त बांदाच्या चिमुकल्या द्वीपसमूहात पिकायचं. त्यासाठी डच आणि इंग्रज लढले, डचांनी 1621 मध्ये तिथल्या रहिवाशांची भीषण कत्तल केली. त्यातल्या रुन नावाच्या बेटावरचा हक्क इंग्रजांनी 1667 च्या ब्रेडा तहात सोडला आणि डचांनी त्यांच्यासाठी सोडलं ते मॅनहॅटन, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा गाभा. एका जायफळाच्या बेटाची तेव्हा तेवढी किंमत होती!

पुढे जायफळ इतरत्रही पिकू लागलं, बांदाचं महत्त्व ओसरलं आणि डचांनी त्या बेटाचा उपयोग नकोशी माणसं दूर ठेवायला केला. 1936 च्या सुरुवातीला इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे मोहम्मद हट्टा आणि सुतान शहरीर यांना तिथं आणून सोडलं. हट्टांबरोबर पुस्तकांच्या पेट्याच पेट्या होत्या. दोघांनी काय केलं? बेटावरच्या मुलांना गोळा केलं आणि शिकवायला बसले. 1942 पर्यंत हेच चाललं. तिकडे सुकार्नो 1934 पासून फ्लोरेस बेटावरच्या एंडे गावात बंदी होते. त्यांनी गावकऱ्यांना घेऊन नाटकमंडळी काढली, नाटकं स्वतः लिहिली. मंडळीचं नाव केलिमुतू, त्याच बेटावरच्या ज्वालामुखीवरून. त्या डोंगरमाथ्यावर तीन तळी आहेत, तिन्हींचे रंग वेगळे आणि ते बदलतही राहतात. पुढे बेंगकुलूला हलवल्यावर सुकार्नो तिथल्या शाळेत शिकवत. 17 ऑगस्ट 1945 ला इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर झालं. सुकार्नो पहिले राष्ट्राध्यक्ष, हट्टा पहिले उपराष्ट्राध्यक्ष आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, शहरीर पहिले पंतप्रधान. तिघंही बेटावर मास्तरकी करून आलेले.

नौरूचंही तसंच. हे बेट 21 चौरस किलोमीटरचं, आपल्या जळगाव शहरात सहज मावेल. सुपर फॉस्फेटची गोणी आपल्या प्रत्येक कापूस उत्पादकाला माहीत आहे. तसल्या खताला लागणारा फॉस्फेटचा खडक तिथं विसाव्या शतकभर उपसला गेला, इतका की बेटाच्या मध्यभागी नुसते दगडी सुळके उरले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तिथल्या 1200 माणसांना दूरच्या ट्रुक बेटांवर वेठबिगारीला नेलं. 31 जानेवारी 1946 ला परत आले 737. त्या परतलेल्यांत हॅमर डिरोबर्ट नावाचा एक तरुण शिक्षक होता. नौरूनं 1968 मध्ये स्वतंत्र होण्यासाठी मुद्दाम 31 जानेवारी हीच तारीख निवडली आणि पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याच शिक्षकाला. पुस्तकातल्या एका ओळीमागे हे एवढं उभं आहे.

आपल्या खानदेशाला समुद्र नाही. तापी, गिरणा, पांझरा यांचं पाणी, तेही उन्हाळ्यात आटणारं. पण 1932 मध्ये धुळ्याचा तुरुंग म्हणजे असंच एक बेट होतं. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत अठरा रविवार विनोबा तिथं गीतेवर बोलले, दर रविवारी एक अध्याय. समोर राजकीय कैदी. त्यांच्यात एक माणूस झरझर लिहून घेत होता, तो होता अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली मास्तरकी सोडून सत्याग्रहात उतरलेला. साने गुरुजी. विनोबांचा शब्द त्यांनी टिपून ठेवला म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज भारताच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत आहे. धुळ्याच्या उन्हाळ्यात, त्या चार भिंतींच्या आत, बोलणारा आणि लिहिणारा दोघंही उद्याचा देश घडवत होते, असं मी अगदी मनापासून मानतो. त्यांच्यापैकी कुणीही पुढे कशाचा पहिला प्रमुख झाला नाही. म्हणून वनलायनरच्या पुस्तकात त्या अठरा रविवारांना जागा नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

चारच वर्षांनी, 1936 च्या डिसेंबरात, ज्या वर्षी हट्टा आणि शहरीर बांदाला पोचले त्याच वर्षी, यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तोवरची अधिवेशनं शहरांत झाली. खेड्यात भरलेलं हे पहिलं. गांधीजींची ती इच्छा होती. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावातल्याच सामानातून नगर सजवलं. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारखे कार्यकर्ते त्यासाठी गावोगाव फिरले होते. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. शेतसारा आणि खंड कमी करण्याचा, कर्जाच्या ओझ्याखालून शेतकऱ्याला सोडवण्याचा कार्यक्रम तिथं ठरला आणि देशाची घटना देशाच्या लोकांनीच लिहावी, ही मागणी तिथं पुन्हा ठामपणे मांडली गेली. पंतप्रधान व्हायला नेहरूंना अजून अकरा वर्षं होती. त्यातली जवळजवळ तीन अहमदनगरच्या किल्ल्यात जायची होती. फैजपूरला त्यांच्यासमोर थंडीत घोंगड्या पांघरून बसलेले आपले आजे-पणजे होते. नेत्याला देश कळतो तो अशा मैदानांत, आणि लोकांनाही नेता तिथंच कळतो.

मग हे सगळे धागे एकत्र आले. जुलै 1947 मध्ये, आपलं स्वातंत्र्य महिन्याभरावर असताना, वैमानिक बिजू पटनाईक, इंडोनेशियाचं स्वातंत्र्य न मानणाऱ्या डचांच्या नाकेबंदीला न जुमानता, डकोटा विमान घेऊन गेले आणि शहरीरना जावाहून दिल्लीला घेऊन आले. नेहरूंनीच ते काम त्यांच्यावर सोपवलं होतं.

उद्या ती दोन मुलं पुन्हा तिथं बसलेली असतील. मी थांबून त्यांना एवढंच सांगणार आहे: बाळांनो, पाठ जरूर करा, परीक्षा द्यायचीच आहे. पण प्रत्येक 'पहिल्या' नावासमोर समासात पेन्सिलीनं एक जागा लिहा, तो माणूस त्याआधी कुठं होता ती. सुकार्नोंसमोर एंडे, हट्टांसमोर बांदा, डिरोबर्टसमोर ट्रुक. आणि नेहरूंसमोर फैजपूर लिहा. जळगावहून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.