फॉरमॅट मारू का, काका?

मराठी माणूस बऱ्याच गोष्टी मारतो. गप्पा मारतो, चक्कर मारतो, शिक्का मारतो, श्रीखंडावर ताव मारतो, आणि यात कोणी मरत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या यादीत 'फॉरमॅट मारणे' ही एक भर पडली. कॉम्प्युटर रखडतो? फॉरमॅट मारा. मधेच निळा पडतो? फॉरमॅट मारा. पूर्वी घरातली वडीलधारी मंडळी पोटदुखीपासून परीक्षेच्या भीतीपर्यंत सगळ्यावर ज्या ठामपणे एरंडेल सुचवीत, त्याच ठामपणे आता शेजारीपाजारी हा उपाय सुचवतात. एरंडेलाने निदान पोटातलंच जायचं. इथे सगळंच जातं. आणि माझी अडचण अशी की, चार ठिकाणी बिघडलं म्हणून सगळं पुसून टाकायचा अधिकार नक्की कोणाला?

ही अडचण मला गेल्या पावसाळ्यात आली. आमच्या घरच्या कॉम्प्युटरची 500 जीबीची हार्ड डिस्क आजारी होती. एखादी फाइल मागावी, तर सरकारी कचेरीत दाखला मागितल्यासारखं ताटकळत बसावं लागे. शेवटी पुतण्याला बोलावलं. पुतण्या म्हणजे दादाचा मुलगा. हे नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"काका, बॅड सेक्टर आहेत," तो म्हणाला. "हवं ते दुसऱ्या डिस्कवर काढून घेऊ आणि फॉरमॅट मारू. तरी रडली तर टाकून द्यायची. काय काय ठेवायचं, सांगा."

हा प्रश्न घरात मोठ्याने विचारू नये. आमच्या हिला आईच्या आवाजातली आरती हवी होती, लोणच्याचं प्रमाण हवं होतं, आणि जिच्याशी ती गेली दहा वर्षं बोलत नाही त्या मैत्रिणीबरोबरचे महाबळेश्वरचे फोटोही हवे होते. "असू देत," ती म्हणाली. मी इन्कम टॅक्सची विवरणं सांगितली, ती कोणीच मनावर घेतली नाहीत. मग पुतण्याचा बाण एका फोल्डरवर थांबला. नाव होतं 'वाडा'.

"हे, काका?"

"ते शेवटी बघू."

त्यात 2004 ते 2009 या काळात मी त्याच्या वडिलांना लिहिलेली पत्रं होती. विषय : परसातली विहीर कोणाच्या वाटणीला. पहिलं पत्र 'ती. दादास सा. न. वि. वि.' असं सुरू होतं आणि शेवटचं वकिलांनी तपासून दिलेलं होतं. पुढे 2011 साली थोरल्या पुतणीच्या लग्नात दादाने स्वतः माझ्या पानात जिलबी वाढली, मी ती खाल्ली, आणि मांडवात 'झालं गेलं गंगेला मिळालं' असं जाहीर झालं. हे वाक्य, माझं निरीक्षण आहे, ज्याचं काही गेलेलं नसतं तोच जास्त जोरात म्हणतो.

कॉपी चालू होती. तेवढ्यात पोराने मला ज्ञान दिलं. क्विक फॉरमॅट म्हणजे म्हणे नुसती अनुक्रमणिका फाडायची. पानं जागच्या जागी. त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच. जुन्या डॉसमध्ये तर फाइल पुसली की तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडलं जाई. 1991 च्या डॉस 5 मध्ये 'अनडिलीट' नावाची आज्ञा आली, ती फाइल परत आणताना विचारायची, पहिलं अक्षर काय होतं? सांगितलं, की फाइल बहुधा हजर.

मला आमची दादाकडची गणपतीतली पंगत आठवली. कोणी सहज 'वि' म्हटलं, मग ते पुढे विळी म्हणो की विडा, सगळे घास एकदम थांबतात.

एमआयटीच्या दोघा जणांनी 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. 2003 साली त्यांनी ते छापलं. 129 चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त 12. बाकीच्यांत लोकांचे क्रेडिट कार्डांचे नंबरसुद्धा सापडले. त्यांच्याही मालकांनी कुठल्याशा मांडवात जिलबी खाल्ली असणार.

खरं पुसायचं तर प्रत्येक जागी जाऊन तिथे दुसरं काही लिहावं लागतं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट तेच करतो, सगळीकडे शून्य लिहीत सुटतो, म्हणून तर त्याला तासन्‌तास लागतात. आम्हां भावांनी लिहिलंच नाही असं नाही. दादाच्या मोतीबिंदूच्या वेळी मी दोन दिवस दवाखान्यात बसलो. माझ्या निवृत्तीला तो गुडघे धरून तीन जिने चढून आला. तेवढ्या जागा भरल्या. आणि बॅड सेक्टर? ते फॉरमॅटने बरे होत नाहीत. डिस्क त्यांच्यावर खूण करते आणि पुढे त्यांना वळसा घालून चालते. दादाकडे परसात आम्ही कोणी विहिरीच्या बाजूला खुर्ची टाकत नाही. याला ढोंग म्हणणारे म्हणोत. मी म्हणत नाही.

पण फोल्डरचं काय? पत्रं मी लिहिलेली, भांडण मात्र अर्धं दादाचं. आणि थोडं या पोराचंही. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मे महिन्यात काकाकडे जायचं एकाएकी का थांबलं, हे त्याला कोणी धड सांगितलेलं नाही. पुसावं, तर त्याला कळायचं ते मीच पुसलं. ठेवावं, तर वाटणीत मिळाली नाही ती विहीर पुढच्या पिढीच्या गळ्यात.

मी हा विचार करीत असताना त्याने एक फाइल उघडलीसुद्धा. पडद्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, डॉलर, कंस. युनिकोड घरात येण्यापूर्वी टाइप केलेलं ते मराठी होतं आणि तो फॉन्ट केव्हाच गेलेला. वाचता येत होते फक्त आकडे : विहिरीचा घेर आणि तारखा.

"फॉन्ट मिळेल, काका. शोधू?"

"तुझ्या बाबांना विचारलंस?"

"त्यांच्या कॉम्प्युटरला दिवाळीत फॉरमॅट मारला ना मी," तो म्हणाला. "त्यांच्याकडेही 'वाडा' होता. तेही म्हणाले, शेवटी बघू. पेनड्राइव्हवर ठेवलाय."

"मग हाही ठेव," मी म्हणालो. "वेगळ्या पेनड्राइव्हवर."