विहार म्हणजे काय रे भाऊ?



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १७.

हा श्लोक हल्ली डाएटवाल्यांनी पळवलाय. युक्त आहार म्हटलं की लगेच भाकरी, ताक आणि रात्री सातच्या आत जेवण. पण आहाराच्या शेजारीच विहार बसलाय, त्याच्याकडे कुणी बघत नाही. शंकराचार्य भाष्यात विहाराचा अर्थ अगदी साधा घेतात : पायी चालणं. ज्ञानोबा माउली बोलणं, चालणं, झोप सगळ्यालाच माप लावतात, आणि झोपेलासुद्धा तिच्या वेळी मान द्या म्हणतात. रात्री दीडला पेपर तपासत बसणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हे जरा दोनदा वाचावं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे एका वाचकाचा मेसेज. नाशिकचाच आहे, नुकताच शिक्षक म्हणून लागलाय. सोमवार ते शनिवार शाळा, संध्याकाळी जादा तास, मधे कुठलं ना कुठलं सरकारी ऑनलाइन काम. रविवारी मात्र पहाटे बाबांबरोबर दारणेच्या काठी गळ टाकून बसतो. त्याने लिहिलंय, ‘ताई, माझे मित्र त्या वेळी मंदिरात सेवेला असतात आणि मी मासे धरतो. फार अपराधी वाटतं. पण बाबा रिटायर झाल्यापासून घरात बोलतच नाहीत. तिथे पाण्यावर बोलतात. सोडून देऊ का?’

दोन प्रश्न आहेत यात, आणि त्याने त्यांची गाठ मारली आहे. ती आधी सोडवू.

पहिला प्रश्न वेळेचा. मी गणित शिकवते, त्यामुळे ‘बॅलन्स’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात येणारं निम्मं-निम्मं मला दिसतं. युक्त म्हणजे ते नव्हे. याच श्लोकात कर्मातली चेष्टाही युक्त हवी म्हटलंय, म्हणजे कामालाही माप आहे. पावसाळ्यात आपण सगळे काय करतो? गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते बघतो. कमरेला, छातीला, गळ्याला. आणि गंगापूर धरण काठोकाठ भरेपर्यंत कुणी थांबत नाही, आधीच विसर्ग सुरू होतो. पाणी गळ्याशी आलेला शिक्षक वर्गात काय करतो ते मुलांना विचारा. तो ओरडतो. फळा तोच, धडा तोच, पण मुलं घाबरलेली. तेव्हा रविवारची पहाट ही तुझी चैन नाही, सोमवारच्या पहिल्या तासाची तयारी आहे. उलटंही खरं : रविवारच्या नादात सोमवारचा धडा वाचायचाच राहिला, तर तो विहार युक्त नाही.

आणि बाहेर पडणं म्हणजे देवापासून लांब जाणं, हे नाशिककराने तरी म्हणू नये. निवृत्तिनाथांना गुरू कुठे भेटले? परंपरा सांगते, आईवडील आणि भावंडांबरोबर ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालली होती, वाघ आडवा आला, सगळे पांगले, आणि वाट चुकलेला हा मुलगा ज्या गुहेत शिरला तिथे गहिनीनाथ बसले होते. (त्याला गुरू मिळाले ते वाघापासून पळताना, निसर्गसौंदर्य बघताना नव्हे, हेही ध्यानात ठेवा.) पुढे तो स्वतः धाकट्या भावाचा गुरू झाला.

दुसरा प्रश्न गळाचा. इथे मी गोड बोलणार नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात मासा आहे. जिभेच्या ओढीने गळाला लागतो आणि जिवाला मुकतो, म्हणून गुरू. नाथमहाराजांनी १५७३ साली काशीत पुऱ्या केलेल्या एकनाथी भागवतात या स्कंधावरच विस्ताराने टीका आहे. मला यात एक गोष्ट नेहमी जाणवते. अवधूत गळ टाकणाऱ्याला शिव्या देत नाही, तो आमिष खाणाऱ्याकडे बघतो. ज्यांचं पोट नदीवर आहे, त्या भोई-कोळी बांधवांना मी तरी काही सुनावणार नाही; त्यांचा तो स्वधर्म आहे. पण तुझं पोट पगारावर आहे. परदेशात पिसांची खोटी माशी करून मासा धरतात आणि परत पाण्यात सोडतात, असंही तू लिहिलंयस. सोडलेला बरा, पण गळ तोंडात रुततोच ना? मी असते तर गळ घरी ठेवला असता आणि काठ ठेवला असता. बाबांना गळाशिवाय करमत नसेल तर त्यांचा गळ त्यांच्याजवळ राहू दे. तू चहाचा थर्मास घेऊन शेजारी बस. त्यांना सुधारायला जाऊ नकोस, ऐकायला जा.

बगळाही तासन् तास निश्चल बसतो, आपण त्याला ढोंगी म्हणतो, कारण त्याचं सगळं चित्त माशावर. तुझं चित्त बाबांच्या बोलण्यावर असेल तर मित्रांची सेवा आणि तुझी सेवा यांत मला काही फरक दिसत नाही.

मासा म्हटल्यावर मच्छिंद्रनाथ आठवणारच. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउली आपली गुरुपरंपरा सांगतात. क्षीरसागराच्या काठी शंकर पार्वतीच्या कानात काही सांगत होते, आणि ऐकलं ते माशाच्या पोटातल्या मच्छिंद्रनाथांनी! पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या सप्तशृंगीवर त्यांच्या भेटीने चौरंगीनाथांचे तुटलेले अवयव पूर्ववत झाले, असं माउली म्हणतात. वर्गात हे रोज होतं. आपण पहिल्या बाकाला समजावत असतो, आणि शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघणारं पोर सगळं ऐकत असतं. काठावर बाबा कदाचित पाण्याशीच बोलत असतील.

रविवारी जा. परवानगी असलेल्या जागी बसा, प्लास्टिक परत आणा, आणि बाबा काय म्हणाले ते मला कळव.

उद्या श्लोक १८.

राम कृष्ण हरि.