कर्ज फिटेल, पण काम होईल का?

महापालिकेने मोठ्या कामांसाठी कर्ज काढावे की नाही, यावर अंदाजपत्रकाच्या दिवसांत होणारी चर्चा फार उथळ असते. विरोधक म्हणतात, शहर कर्जबाजारी होईल. सत्ताधारी म्हणतात, पत उत्तम आहे, सहज फेडू. भांडण जोरात असले तरी पैसे परत जातील की नाही, एवढ्याच प्रश्नावर ते चालते. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा सल्ला इथे कामाचा नाही, कारण पन्नास वर्षे वापरायची जलवाहिनी एका वर्षाच्या करातून घालता येत नाही.

खरा विचार करायला हवा तो रोखेबाजाराच्या समर्थकांच्या युक्तिवादाचा. सरकारी अनुदान मिळाले की पालिका सुस्तावते, पण रोखे काढायचे तर हिशेब तपासून घ्यावे लागतात, पतमानांकन मिळवावे लागते, गुंतवणूकदारांना सामोरे जावे लागते आणि त्यातून कारभाराला शिस्त लागते, असे ते म्हणतात. अहमदाबादने 1998 मध्ये सरकारी हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढले, तेव्हापासून हे ऐकू येते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले. व्याज 7.59 टक्के, मुदत दहा वर्षे, मानांकन चांगले. मागणी रकमेच्या कितीतरी पट. मुंबई शेअर बाजारात समारंभ झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच योजनेच्या निविदा वादात सापडून रद्द झाल्या आणि कर्जाऊ पैसा बँकेत ठेवावा लागला. टाक्या, वाहिन्या, मीटर कागदावर आणि वर्षाला सुमारे 15 कोटींचे व्याज मात्र सुरू. एवढी शिस्त लावणाऱ्या बाजाराने या काळात काय केले? काहीही नाही, कारण त्याला काही करायचे कारणच नव्हते. त्याचा हप्ता मालमत्ता करातून सुरक्षित होता. कोंढव्यात किंवा धायरीत नळाला पाणी आले काय, न आले काय, रोखेधारकाच्या व्याजात एका पैशाचा फरक पडत नव्हता.

यावर सांगितले जाते की, ठेवींवर व्याज मिळाले, केंद्राचे प्रोत्साहन अनुदानही आले, मग तोटा कुठे झाला? हा प्रश्नच मूळ गोंधळ दाखवतो. खतावणी जुळली म्हणजे काम झाले, असे तो गृहीत धरतो. परतफेडीची हमी वेगळी आणि कामाची हमी वेगळी. पहिली तारणातून आणि मानांकनातून मिळते. दुसरी देऊ शकते फक्त प्रश्न विचारणारी, कागद मागवणारी, निविदा अडवणारी मुख्य सभा. नगरसेवकांमुळे कामे रखडतात, ही तक्रार नेहमीची आहे आणि ती अगदीच खोटी नाही. तरीही पुण्यातल्या त्या निविदांवर आक्षेप घेतले ते लोकप्रतिनिधींनी आणि नागरी संघटनांनी. पतमानांकनाच्या अहवालातून ते निघाले नव्हते.

म्हणूनच पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2023 मध्ये नदी सुधारणेसाठी 200 कोटींचे रोखे काढले, त्याबद्दलची आपली शांतता मला अस्वस्थ करते. तेव्हा तिथे निवडून आलेली सभा नव्हती. मुदत संपल्यानंतर सारे अधिकार प्रशासकाकडे होते. कायद्याने ते चालते. पण ज्यांच्या करातून हे कर्ज फिटणार, त्यांच्या वतीने एकही हात वर झाला नाही. परतफेडीची हमी पूर्ण, कामाची हमी मागणारे कोणी नाही, अशी ही स्थिती होती.

जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर महापालिकांत पुन्हा सभागृहे आली आहेत आणि कर्जाचे नवे प्रस्ताव त्यांच्यापुढे येतीलच. नगरसेवकांनी पत किती आहे हे विचारण्यात वेळ घालवू नये. ते सांगायला सल्लागार आहेत. जागा ताब्यात आली आहे का, निविदा अंतिम झाली आहे का, कार्यादेश तयार आहे का, हे विचारावे आणि तिन्हींची उत्तरे होकारार्थी मिळेपर्यंत एका रुपयाच्याही रोख्याला मंजुरी देऊ नये.