खोडलेल्या रेघेवर हक्क कुणाचा?

एक्सकॅलिड्रॉ हा चित्रं काढायचा फळा आपल्या वेबपानात बसवणं हे तसं मोठं काम नाही. एनपीएमवरून पॅकेज उतरवायचं, रिअ‍ॅक्टच्या पानात ते आयात करायचं, सोबतची सीएसएस फाइल जोडायची आणि ज्या चौकटीत फळा हवा तिला उंची द्यायची. उंची द्यायची राहिली तर फळा दिसतच नाही आणि नवखा माणूस भलतीकडे चूक शोधत बसतो. पान नेक्स्टजेएसवर असेल तर हा भाग सर्व्हरवर न चालवता फक्त ब्राउझरमध्ये चालवायचा. एवढं जमलं की हातानं काढल्यासारख्या, किंचित थरथरत्या रेघांचा फळा समोर तयार. आता या फळ्यावर शाळकरी मुलं पचनसंस्था, जलचक्र आणि आपल्या गावाचा नकाशा काढणार आहेत. काम माझ्याकडे आहे. फळा मुलांच्या हाती देण्याआधी मला स्वतःला काही गोष्टी विचारायच्या आहेत, कारण त्या मला दुसरं कुणी विचारणार नाही.

पहिली गोष्ट श्रेयाची. ख्रिस्तोफर शेडो या अभियंत्यानं जानेवारी 2020 मध्ये एक्सकॅलिड्रॉचं काम सुरू केलं. त्या थरथरत्या रेघा काढणारी रफजेएस ही प्रीत शिन यांची लायब्ररी. पुढे जगभरच्या शेकडो लोकांनी आपापल्या वेळात त्यात भर घातली. हे सगळं ज्या एमआयटी परवान्याखाली मिळतं त्याची अट इतकी माफक आहे की ती मोडणाऱ्याला कारण सापडू नये: मूळ हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, बाकी हवं ते करा. पण प्रकाशनासाठी कोड आटवताना त्यातले शेरे गळून पडू शकतात आणि त्यांच्याबरोबर या माणसांची नावंही. कुणाच्या लक्षात येत नाही, कुणी तक्रार करत नाही. म्हणून नावांचं वेगळं पान मीच करायचं आणि ते मुलांना सापडेल अशा जागी ठेवायचं. ‘छान बनवलंत हो’ असं ग्राहक म्हणतो तेव्हा ‘बनवलेलं आहे, मी फक्त बसवलं’ हे सांगायला मला जड का जावं? जातं, हे खरं आहे. गप्प राहिलं तर ते खोटं बोलणं ठरत नाही, आणि या पळवाटेचीच मला भीती वाटते.

त्याहून अवघड प्रश्न चित्रांचा आहे. एक्सकॅलिड्रॉ ज्या पानात बसवला त्या पानाला एक सोय देतो, ऑनचेंज. फळ्यावर काहीही बदललं की सगळ्या आकारांची यादी माझ्या कोडच्या हाती येते. प्रत्येक आकाराची जागा, रंग, रुंदी, आवृत्तीचा क्रमांक, सगळं. मुलानं चौकोन ओढायला घेतला की तो पुरा होईपर्यंत ती यादी पुन्हापुन्हा येत राहते. आणि या यादीत मुलानं खोडलेले आकारही असतात. आकार खोडला की पडद्यावरून जातो, पण यादीत त्याच्यापुढे ‘इजडिलीटेड’ अशी खूण होते आणि तो जागच्या जागी राहतो. पाटी पुसली की पुसली, असं इथे नाही.

यात बनवणाऱ्यांचा काही कावा नाही. दोघं एकाच फळ्यावर काम करत असतील आणि एकानं खोडलेली रेघ यादीतून साफ गेली, तर दुसऱ्याच्या यंत्राला वाटेल की ती पहिल्याकडे अजून पोचायची आहे, आणि ती परत उगवेल. म्हणून खोडल्याची नोंद ठेवावीच लागते. जतन करायची वेळ आली की काय करावं, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे: दृश्याचं जेएसओएन करून देणारी त्यांची फंक्शनं खोडलेले आकार गाळूनच देतात. म्हणजे योग्य वाट तयार आहे. पण ऑनचेंजमधून आलेली यादी जशीच्या तशी सर्व्हरवर ढकलणं हे त्याहून सोपं आहे, दिसायलाही काही वावगं नाही, आणि चालतंही झकास.

मुलं काय खोडतात? हृदयाची झडप उलटी काढली म्हणून खोडतात. शेजारच्या मैत्रिणीचं नाव लिहून, घाबरून खोडतात. गावाच्या नकाशात स्वतःचं घर दाखवतात आणि मग काय वाटतं कोण जाणे, ते पुसून टाकतात. पुसण्याच्या त्या हालचालीत मुलानं मला एक गोष्ट सांगितलेली असते: हे माझं आहे आणि हे तुम्ही बघू नये. ती मी ऐकली नाही तर त्याला कधीच कळणार नाही. म्हणूनच तर ती ऐकायला हवी.

कायद्याचा आधार घेता येतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. पण खोडलेला चौकोन म्हणजे वैयक्तिक डेटा का, यावर वकील दिवसभर वाद घालू शकतील. मला तेवढा वेळ लागू नये. मुलाच्या शेजारी बसून मी त्याची खोडलेली पानं कचऱ्याच्या टोपलीतून काढून वाचली असती का? नाही. मग अंतर वाढलं, मधे तार आली, म्हणून उत्तर बदलावं कसं?

या बाबतीत बनवणाऱ्यांनीच मला लाजवलं आहे. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फळा दुसऱ्याला पाठवला की चित्र आधी ब्राउझरमध्येच कूटबद्ध होतं. कुलपाची किल्ली दुव्यातल्या # या चिन्हापुढे असते, आणि दुव्याचा तो भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. चित्र त्यांच्या सर्व्हरवर असतं, पण ते उघडून पाहण्याची सोय त्यांनी स्वतःलाच ठेवलेली नाही. आपण बसवतो त्या पॅकेजात मात्र ही साठवण आणि एकत्र काम करण्याची व्यवस्था येत नाही, ती ज्यानं त्यानं उभारायची. त्यांचा फळा मी घेतला, पण त्यांचा संयम पॅकेजाबरोबर येत नाही.

आणखी काही गोष्टी. काही वेगळं सांगितलं नाही तर फळ्याचे फाँट बाहेरच्या सर्व्हरवरून उतरतात. म्हणजे चित्र काढायला बसलेल्या प्रत्येक मुलाचा आयपी पत्ता एका तिऱ्हाइताकडे जातो. फाँट आपल्याच सर्व्हरवर ठेवून त्यांचा मार्ग नोंदवला की हे थांबतं. मेनू मराठीत दाखवता येतात, पण फळ्याच्या हस्ताक्षरासारख्या फाँटमध्ये देवनागरी नाही. ज्याच्या यंत्रात जो मराठी फाँट असेल तो वापरला जातो, आणि एकीकडे चौकटीत बसलेलं ‘लहान आतडं’ दुसरीकडे चौकटीबाहेर येऊ शकतं. तिथे एक ठरलेला देवनागरी फाँट बसवणं हे मुलांचं देणं आहे. दृष्टिहीन मुलाच्या स्क्रीन रीडरला तर कॅनव्हासवरचं चित्र वाचताच येत नाही. फळ्याशेजारी शब्दांत उत्तर लिहायची जागा ठेवणं एवढाच उपाय सध्या माझ्याकडे आहे. तो पुरेसा नाही, हे मला ठाऊक आहे.

उरतो शिक्षकांचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. मुलानं आधी काय काढलं आणि मग काय खोडलं, यातून त्याचं कुठे अडतंय ते चांगल्या शिक्षकाला खरोखर कळतं. मग खोडलेलं ठेवायचंच नाही, असं मी हट्टानं म्हणू का? खूप विचार केल्यावर मला इतकंच दिसतं: ठेवायचं असेल तर मुलाला आधी सांगून, त्याच्या भाषेत, फळ्याच्या डोक्यावर, ठळक. ‘या धड्यात तुझं खोडलेलंही बाईंना दिसेल.’ हे वाचून जे मूल कमी खोडेल किंवा काढायलाच बिचकेल, त्याचा तोटा शिक्षकांनी आणि मी मिळून तोलायचा. आणि हे वाक्य पडद्यावर लिहायला ज्या दिवशी माझा हात अडखळेल, त्या दिवशी ती नोंद ठेवायचा मला अधिकार नाही. तोवर सर्व्हरवर जाईल ते फक्त मुलानं मागे ठेवलेलं चित्र.